पाळकांच्या पाटीवर नववं नाव कोरायचं का?

पांदणवाट | रविवार, रात्री १०.२०

सगळ्यांना सलाम.

हे लिहायला तीन आठवडे लागले. गावाचं, मिशनचं आणि माणसाचं नाव लिहीत नाही, कृपया कोणी विचारू नये. मेळघाटच्या पायथ्याचं गाव आहे, एवढं पुरे.

यंदा नाताळात आमच्या देवळाला पंच्याहत्तर वर्षं होतात. रंगकाम झालं, घंटेचा दोर बदलला. दाराच्या उजव्या अंगाला संगमरवरी पाटी बसवायची ठरली आहे. तिच्यावर आजवरच्या सगळ्या पाळकांची, म्हणजे पास्टरांची, नावं, आले ते साल आणि गेले ते साल. चौदा नावं आहेत. यादी करायचं काम माझ्याकडे आलं, कारण अकरा वर्षं मी कमिटीचा सेक्रेटरी होतो आणि जुन्या वह्यांमधलं अक्षर बरंचसं माझंच आहे. आठ नावं लिहिली आणि नवव्याशी हात थांबला.

२००३ सालची गोष्ट. तेव्हा मिशनचं मुलींचं होस्टेल चालायचं. साठेक मुली, निम्म्याहून जास्त वर मेळघाटातल्या, कोरकू आदिवासी. पाळकसाहेबच होस्टेलचे सुपरिटेंडेंट. डिसेंबरात, ऐन वेचणीत, एक बाई देवळामागच्या खोलीत आली. कमरेची ओटी सोडायचीही तिची राहिली होती, लुगड्याला कापूस चिकटलेला. तिची मुलगी होस्टेलात, सातवीत. काय झालं ते तिनं अर्धं कोरकूत, अर्धं मराठीत सांगितलं. ते मी इथं लिहिणार नाही. ती खोटं बोलत नाही, हे त्या खोलीतल्या सातही जणांना कळलं होतं.

आम्ही तीन तास बसलो. बाईला बाहेर व्हरांड्यात बसवलं होतं. मध्ये कोणीतरी तिला चहा नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी मुख्य ऑफिसच्या वरिष्ठ साहेबांकडे माणूस गेला. आठवड्यानं पत्र आलं: पाळकसाहेबांची बदली झाली आहे, मंडळीनं शांतता राखावी, संस्थेची बदनामी होईल असं काही करू नये. आम्ही ठराव केला, "प्रकरण समजुतीने मिटले." खाली सात सह्या. त्यातली एक माझी.

बदली झाली तिथंही होस्टेल होतं. हे आम्हाला ठाऊक होतं.

ते गृहस्थ मागच्या वर्षी वारले. त्यांच्या मयतीला मी गेलो होतो. माझे वडील शेवटचे होते तेव्हा हाच माणूस चार रात्री त्यांच्या उशाशी बसून होता. तेही खरं, आणि ते त्या बाईनं सांगितलेलंही खरं. आता पाटीचा दगड येऊन पडला आहे आणि कारागीर रोज फोन करतो. आत्ताच्या कमिटीतल्या पोरांना यातलं काही माहीत नाही. नाव कोरावं की गाळावं? जो चुकला तो तर गेला. ज्यांनी जाणूनबुजून त्याला पुढच्या होस्टेलात पाठवलं, त्यांचं काय करायचं असतं?

---

मागचा बाक | रविवार, रात्री ११.०५

सलाम गुरुजी. तुमी गुरुजीच असान असं वाटते.

मी सत्तरी ओलांडली. माया बापानं मिशनच्या दवाखान्यात पाणी भरलं. मिशन नसतं तं आमी आजही कोणाच्या तरी वावरात बिगारीनं राह्यलो असतो. म्हणून तुमाले हात जोडून सांगतो, मेलेल्या माणसाची गोष्ट उकरू नका. दिवस कसे आहेत ते पाहून राह्यले ना? साध्या घरच्या प्रार्थनेले बसलो तरी बाहेर कोणी मोबाइल घेऊन उभं राह्यते. आपनच आपली काठी त्याईच्या हातात कायले द्यायची?

अन् शास्त्रात लिहून ठेवलंच आहे, अभिषिक्ताले हात लावू नये. न्याय कराले देव आहे. नाव कोरा, अन् क्षमा करा.

---

होस्टेलची पोरगी | रविवार, रात्री ११.५२

काका, तुमच्या वयाचा मान ठेवून बोलते.

मी दुसऱ्या जिल्ह्यातल्या मिशन होस्टेलात सात वर्षं काढली. आज सरकारी दवाखान्यात नर्स आहे, ती त्या होस्टेलमुळेच. हे मी कधी विसरत नाही. माझ्या बाजूच्या खाटेवरची मुलगी रोज रात्री तिची पत्र्याची पेटी ओढत नेऊन दाराला लावायची. फरशीवर पेटी घासायचा तो आवाज. आम्ही बाकीच्या चिडायचो, झोपमोड होते म्हणून. तिनं कधी कारण सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. सुट्टीत गेली ती परत आलीच नाही. मेट्रन म्हणाली, लग्न ठरलं. आठवीतल्या मुलीचं.

काठीचं म्हणाल तर काका, काठी त्या लेकरांच्या पाठीत आधीच बसली आहे. आता आपण भांडतोय ते ती दुसऱ्याला दिसू नये म्हणून.

गुरुजी, तुम्हाला तीन गोष्टी विचारते. एक, ती मुलगी आज कुठे आहे? तुम्ही एवढं लांब लिहिलं, त्यात पाटी आहे, दगड आहे, तुमचे वडील आहेत. ती फक्त "सातवीत" एवढीच आहे. दोन, पुढच्या होस्टेलात काय झालं याची चौकशी कोणी केली? तीन, त्या बाईला लिहिता येत नसणार. तिचा अर्ज कोणी लिहिला?

---

बल्लारपूरकर | सोमवार, सकाळी ७.१५

मी कॅथलिक आहे, त्यामुळे तुमच्या मंडळीच्या कारभारात बोलायचा मला हक्क नाही. पण बदलीचा हा रोग आमच्याकडे जगभर निघाला, म्हणून लिहितो.

२००२ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या बॉस्टन शहरातल्या एका वर्तमानपत्रानं छापलं, की एका फादरबद्दल तक्रारी येत राहिल्या आणि त्याला एका पॅरिशमधून, म्हणजे एका गावच्या मंडळीतून, दुसऱ्या पॅरिशमध्ये हलवत राहिले. नंतर कळलं तो एकटा नव्हता. ज्यांच्या सहीनं बदल्या व्हायच्या त्या कार्डिनल लॉ यांनी डिसेंबर २००२ मध्ये राजीनामा दिला. लोकांना वाटलं, चला, जबाबदारी घेतली. २००४ मध्ये रोममधल्या सांता मारिया माज्जोरे या मोठ्या बॅसिलिकाचं मुख्यपद त्यांना मिळालं. २०१७ ला वारले तेव्हा अंत्यविधी व्हॅटिकनच्या सेंट पीटर्समध्ये झाला. बॉस्टनच्या ज्या मुलांचं बालपण गेलं होतं, ती तेव्हा चाळिशी-पन्नाशीत होती. त्यांनी तो विधी टीव्हीवर पाहिला असेल, तेव्हा त्यांना काय वाटलं असेल?

गुरुजींच्या प्रश्नावर म्हणूनच मला बोलावंसं वाटलं. पाप करणाऱ्याला शिक्षा होते किंवा तो मरतो. त्याला हलवणाऱ्याला मात्र बढती मिळते.

आमच्यातही हळूहळू बदललं. अमेरिकेतल्याच पेनसिल्व्हेनियात २०१८ ला ग्रँड ज्युरीचा, म्हणजे कोर्टाच्या चौकशी मंडळाचा, अहवाल आला, तीनशेहून जास्त फादरांची नावं आणि हजाराहून जास्त पीडित मुलं. २०१९ च्या फेब्रुवारीत मॅकॅरिक हे माजी कार्डिनल धर्मगुरूपदावरूनच काढले गेले. त्याच वर्षी मे महिन्यात पोप फ्रान्सिस यांनी नियम काढला, की तक्रार दडपणारा बिशपही चौकशीला पात्र आहे. डिसेंबरात अशा खटल्यांवरचं "पोंटिफिकल सिक्रेट", म्हणजे चर्चची सक्तीची गुप्तता, उठवलं. पण हे सगळं बाहेरच्यांनी दार ठोठावल्यावर झालं. वर्तमानपत्रानं, ज्युरीनं आणि ज्यांना भोगावं लागलं त्यांनी. आतून कोणी आपणहून कडी काढली नाही. हे लिहिताना मला लाज वाटते. आजही रविवारी मिस्साला जातो आणि जात राहीन.

आपल्या देशातलंही एक सांगतो. केरळात कोट्टायमला मार्च १९९२ मध्ये सिस्टर अभया कॉन्व्हेंटच्या विहिरीत सापडली. सुरुवातीला आत्महत्या ठरवलं. निकाल लागला डिसेंबर २०२० मध्ये, अठ्ठावीस वर्षांनी, एक फादर आणि एक सिस्टर दोषी. (२०२२ मध्ये हायकोर्टानं अपील होईपर्यंत शिक्षा स्थगित केली, तेही सांगायला हवं.) त्यात महत्त्वाची साक्ष कोणाची होती? त्या रात्री वीजरोधकाचं तांबं चोरायला छतावर चढलेल्या एका भुरट्या चोराची. इतक्या वर्षांत तो साक्षीवरून हलला नाही. कॉन्व्हेंटमध्ये रोज पहाटे प्रार्थनेला उठणारी इतकी माणसं होती, आणि बोलला तो चोर.

---

संत्र्याची बाग | सोमवार, सकाळी ९.३०

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला. पण मागचा बाक काकांना सांगावंसं वाटतं की हे फक्त तुमच्यात नाही. छिंदवाडा आमच्या वरुड-मोर्शीपासून किती लांब? तिथल्या गुरुकुलातल्या मुलीच्या प्रकरणात आसारामला जोधपूरच्या कोर्टानं २०१८ मध्ये जन्मठेप दिली. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे त्याच निकालात वॉर्डन आणि संचालकालाही वीस-वीस वर्षं सुनावली. त्या पोरीच्या बापानं त्याच माणसावर श्रद्धा ठेवून लेकरू तिथं ठेवलं होतं. आमच्यातले कितीतरी जण तेव्हा म्हणत होते, हा धर्माविरुद्ध कट आहे. तुमच्यातले जे आज म्हणतात तेच.

आमच्याच मातीत गाडगेबाबा होऊन गेले. कोणाला पायाला हात लावू द्यायचे नाहीत, माझा कोणी शिष्य नाही म्हणायचे. लहानपणी वाटायचं हा नम्रपणा आहे. आता वाटतं, माणसानं माणसापुढं किती वाकावं याचा त्यांना अंदाज होता.

---

नवा पाळक | सोमवार, दुपारी ३.१०

मी विदर्भातल्याच एका खेड्यात सेवा करतो. तीन वर्षं झाली. मला मोठं लिहावं लागेल, माफ करा.

मागचा बाक काका, "अभिषिक्ताला हात लावू नका" हे वचन माझ्यासमोर दर महिन्याला कोणीतरी म्हणतं. ते कुठलं आहे ते एकदा उघडून बघू. स्तोत्र १०५. तिथं विषय आहे अब्राहाम, इसहाक, याकोब यांचा. मूठभर माणसं, स्वतःची जमीन नाही, या राज्यातून त्या राज्यात भटकणारी. देव राजांना दटावतो, की या लोकांना हात लावू नका. म्हणजे ते वचन गरिबाला सत्तेपासून राखण्यासाठी आहे. आपण ते खुर्चीवरच्या माणसाला गरिबापासून राखायला वापरतो. त्या दिवशी व्हरांड्यात बसलेली बाई, डोंगरातून खाली मजुरीला उतरलेली, स्वतःची जमीन नसलेली. ते वचन कोणाच्या बाजूचं होतं?

दावीद तर खराखुरा अभिषिक्त राजा होता. आपल्याच सैनिकाला, उरीयाला, त्यानं मारवलं, तेव्हा नाथान संदेष्टा "राजाची बदनामी होईल" म्हणून घरी बसला नाही. समोर जाऊन त्यानं मेंढीच्या कोकराची गोष्ट सांगितली आणि "तो मनुष्य तूच" असं तोंडावर म्हटलं. दाविदाला क्षमा मिळाली, हे आपण दर वेळी सांगतो. क्षमेनंतरही परिणाम त्याच्या घरावर आले, हे सांगायचं राहून जातं.

पण गुरुजींच्या प्रश्नाचं उत्तर मला दाविदाजवळ नाही, एलीजवळ सापडतं. एली याजक म्हातारा, सज्जन. लहानग्या शमुवेलाला त्यानंच वाढवलं. त्याची मुलं हफनी आणि फिनहास अर्पणातलं मांस काढून घ्यायची आणि दर्शनमंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या बायकांना भ्रष्ट करायची. एलीला कळलं. त्यानं मुलांना समजावलं, रागावलाही. पण पदावरून काढलं नाही. देवानं दोष लावला तो नुसता मुलांना नाही, एलीलाही. तुला माहीत होतं आणि तू त्यांना आवरलं नाहीस, असा. एलीनं स्वतः काहीच वाईट केलं नव्हतं. मी दीक्षेच्या आधी हा अध्याय वाचला तेव्हा झोप उडाली होती.

आता एक प्रश्न मला खाजगीत एका बाईनं विचारला आहे, त्याचं उत्तर इथंच देतो, कारण आणखी कितीतरी जणांच्या मनात तो असणार. "अशा माणसाच्या हातून माझ्या लेकराचा बाप्तिस्मा झाला, माझं लग्न लागलं, ते खोटं का?" नाही बाई, खोटं नाही. हा वाद चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत पेटला होता. छळाच्या काळात ज्यांनी शास्त्रग्रंथ सरकारच्या हवाली केले, त्यांच्या हातून झालेले विधी चालतील का? डोनाटिस्ट नावाचा गट म्हणाला, चालणार नाहीत. तिथला बिशप ऑगस्टीन म्हणाला, देणारा ख्रिस्त आहे, हात कोणाचाही असो. पुढं अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या, मंडळीच्या एकोणचाळीस कलमांत सव्विसावं कलम हेच सांगतं, की सेवकाच्या अपात्रतेनं संस्कार निष्फळ होत नाहीत.

पण ते कलम तिथं संपत नाही. त्याच कलमाचा दुसरा परिच्छेद सांगतो, की वाईट सेवकांची चौकशी करणं हा मंडळीच्या शिस्तीचाच भाग आहे, ज्यांना अपराध माहीत आहे त्यांनी आरोप ठेवावा, आणि दोषी ठरल्यास त्याला पदच्युत करावं. आपण अर्धं कलम घेतलं आणि अर्धं गाळलं. पहिल्या अर्ध्यानं लोकांचं मन निवतं. दुसऱ्या अर्ध्यासाठी कोणाला तरी सकाळी उठून पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागते.

पौल तीमथ्याला लिहितो, की वडिलांवरचा, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांवरचा, आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय घेऊ नको. हे वाक्य तक्रार झटकायला बरं पडतं. पुढचंच वाक्य आहे की पाप करणाऱ्यांचा दोष सर्वांसमोर पदरी घाल. "सर्वांसमोर". देवळामागच्या खोलीत नाही.

पाटीबद्दल मला नक्की सांगता येत नाही. नाव गाळलं तर पन्नास वर्षांनी एखादा मुलगा विचारेल, इथं तीन वर्षं पाळकच नव्हता का? इतिहासही खोटा होईल. नाव कोरलं तर ती मुलगी दारातून आत कशी येईल?

---

काळा कोट | सोमवार, रात्री ८.४५

कायद्याचं थोडक्यात, कारण हे गावोगावी कोणाला माहीत नसतं.

१. आरोपी मेला की त्याच्यावरचा फौजदारी खटला संपतो. पण दडपणारे जिवंत असतील तर प्रश्न शिल्लक राहतो.

२. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा पॉक्सो कायदा २०१२ चा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू. आधीच्या कृत्याला तो मागे नेऊन लावता येत नाही. २००३ च्या घटनेला तेव्हाचा भारतीय दंड संहिता कायदा. तेव्हा कलम ३५४ (विनयभंग) ला जास्तीत जास्त दोन वर्षं शिक्षा होती, त्यामुळे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ प्रमाणे तीन वर्षांची मुदत. बलात्कारासारख्या, तीन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला मुदतच नाही. म्हणून "आता फार वर्षं झाली" हे वाक्य सरसकट खरं नाही.

३. आजच्या घडीला सगळ्यात महत्त्वाचं, पॉक्सोचं कलम १९. मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होईल अशी भीती वाटली, तर कोणीही असो, पोलिसांत सांगणं बंधनकारक. पाळक, फादर, मुख्याध्यापक, मेट्रन, कमिटीचा सेक्रेटरी, सगळे आले. नाही सांगितलं तर कलम २१, सहा महिन्यांपर्यंत कैद. संस्थेचा प्रमुख असेल आणि हाताखालच्याचं कृत्य लपवलं तर एक वर्षापर्यंत आणि दंड. चांगल्या हेतूनं खबर देणाऱ्यावर त्याबद्दल केस होत नाही. १०९८ हा मुलांसाठीचा नंबर होस्टेलच्या भिंतीवर लिहा, इंग्रजीत नाही, मराठीत, आणि मेळघाटात असाल तर कोरकूतही सांगा.

संस्थेची अंतर्गत चौकशी करा, जरूर करा. ती पोलिसांच्या आधी नाही आणि पोलिसांच्या ऐवजी तर नाहीच. कमिटीला समजुतीनं मिटवायचा अधिकार नाही. हा गुन्हा कमिटीविरुद्ध झालेला नसतो.

---

बल्लारपूरकर | सोमवार, रात्री ९.२०

काळा कोट साहेब, यात एक भर. इंग्लंडच्या चर्चमध्ये २०२४ च्या नोव्हेंबरात हेच झालं. जॉन स्माइथ नावाच्या वकिलानं ख्रिस्ती शिबिरांच्या आडून शंभराहून जास्त मुलांना वर्षानुवर्षं अमानुष मारलं. २०१३ मध्ये चर्चच्या वरच्या लोकांना कळलं. नीट पाठपुरावा झाला नाही. तो २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत खटल्याविना मेला. अहवाल बाहेर आल्यावर पाच दिवसांत त्या चर्चचे तेव्हाचे सर्वोच्च धर्मगुरू, कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी राजीनामा जाहीर केला. त्यांनी स्वतः कोणाला बोटही लावलं नव्हतं. एलीचा अध्याय वाचला आणि मला तेच आठवलं.

---

मागचा बाक | मंगळवार, सकाळी ६.१०

रात्रभर झोप नाही आली.

नवा पाळक बाबू, स्तोत्र १०५ उघडून पाह्यलं. साठ वर्षापासून म्हणून राह्यलो ते वचन, अन् मागचं-पुढचं कधी वाचलंच नव्हतं. तुमी सांगता तसंच लिहून आहे.

पन मायं दुसरं म्हननं अजून तसंच आहे. हे बाहेर गेलं तं बाहेरचे लोक आपल्या लेकराईसाठी रडनार नाई. ते आपलं देऊळ बंद कराले पाह्यतीन. हे भेव खोटं नाई, अन् इथं कोनी त्याच्यावर बोललं नाई.

अन् एक गोष्ट. माई नात यंदा होस्टेलात टाकली. पाचवीत आहे. काल संध्याकाळी पोराले म्हनलं, शनिवारी जाऊन ये. तिले एकटीले बोलाव, मेट्रनच्या समोर नोको बोलू. पोरगा म्हने, काहून बाबा, काय झालं? मी काय सांगू त्याले.

---

होस्टेलची पोरगी | मंगळवार, सकाळी ७.४०

काका, तुमची भीती खोटी नाही. मी पण याच देशात राहते आणि माझ्याही घरावर क्रूस आहे. पण बाहेरचा माणूस आपली जखम वापरेल म्हणून जखम धुवायचीच नाही का? आपण आधी, आपणहून, पोलिसांत जाऊन सांगितलेलं असलं की त्याच्या हातात काही उरत नाही. लपवलेलं सापडतं तेव्हाच ते हत्यार होतं.

शनिवारी जायला लावलंत, फार बरं केलंत. नातीला सरळ "कोणी त्रास देतं का" विचारू नका, मुली नाही म्हणतात. रात्री कोण कुठे झोपतं, दिवा कोण बंद करतं, संडासला रात्री कोणाबरोबर जाता, कोणाच्या खोलीत काम सांगतात का, असं विचारायला सांगा. आणि गावाकडे फोन कधी, कोणासमोर करायला मिळतो तेही.

गुरुजी, तुम्ही माझ्या तीन प्रश्नांची उत्तरं दिली नाहीत.

---

पांदणवाट | मंगळवार, रात्री १०.५५

देतो.

तिसऱ्यापासून सुरू करतो. अर्ज मी लिहिला. त्या दिवशी दुपारी बाई आधी माझ्या घरी आली होती, मी शाळेचा मास्तर म्हणून. ओसरीवर बसून तिनं सांगितलं आणि मी शाळेच्या वहीचा दुरेघी कागद फाडून लिहून घेतलं. वाचून दाखवलं. तिनं एका ठिकाणी मला थांबवलं. मी "गैरवर्तन" लिहिलं होतं. ती म्हणाली, ते काय असते गुरुजी? मी समजावलं. ती म्हणाली, मंग तसंच लिव्हा ना, जे झालं ते. मी तसं लिहिलं. तिनं अंगठा दिला. शिक्क्याची शाई माझ्या घरी होती.

त्याच संध्याकाळी मी सेक्रेटरी म्हणून तो अर्ज स्वीकारला, आणि आठवड्यानं त्याच हातानं ठरावात "गैरवर्तनाची तक्रार" असं लिहिलं. तिनं खोडायला लावलेला शब्द मी परत आणला. इतक्या वर्षांत मी स्वतःला सांगत आलो की सात जणांची सही होती, वरून पत्र होतं, मी एकटा काय करणार. पण तो शब्द कोणी मला लिहायला सांगितला नव्हता.

दुसरा प्रश्न. पुढच्या होस्टेलची चौकशी कोणी केली नाही. मीही नाही. तिथं काय झालं मला माहीत नाही, आणि माहीत नसणं मला सोयीचं होतं.

पहिला. मुलगी चिखलदऱ्याकडच्या एका गावात आहे. लग्न झालं, दोन लेकरं. आई सहा वर्षांपूर्वी वारली. तिला भेटायला जावं असं मनात आहे. पाया पडावं असं वाटतं.

---

होस्टेलची पोरगी | मंगळवार, रात्री ११.३०

जाऊ नका.

रागानं नाही सांगत. तुम्ही दारात उभे राहिलात की तिच्या नवऱ्याला, सासूला, गल्लीला काय सांगायचं हा भार तिच्यावर पडेल. तुमचं मन हलकं करायचं काम तिचं नाही. माफी मागायची असेल तर तिला ती नाकारताही आली पाहिजे. तिच्या भरवशाची एखादी बाई असेल, तिच्याकडून फक्त एवढं विचारा: या विषयावर तुला आमच्याकडून काही हवं आहे का? नाही म्हणाली तर तिथंच थांबा.

---

नवा पाळक | बुधवार, दुपारी १.००

ताईंशी पूर्ण सहमत. आमच्या सेमिनरीत मेलेल्यांच्या घरी कसं बोलावं हे शिकवलं. हे नाही शिकवलं.

---

व्यवस्थापन | बुधवार, दुपारी २.१५

दोन प्रतिसाद काढले आहेत. त्यांत गावाचा अंदाज बांधला होता. मुलीची ओळख पटेल असं काहीही लिहू नये, कायद्यानंही ते चालत नाही.

---

पांदणवाट | पुढच्या आठवड्यातला गुरुवार, रात्री ९.३५

सगळ्यांनी वाट पाहिली, म्हणून लिहितो.

तिच्या गावातल्या आरोग्य केंद्रातल्या एका सिस्टरताईंमार्फत विचारलं. चार दिवसांनी निरोप आला. पाटीचं काय करायचं ते तुमचं तुम्ही पाहा, म्हणाली. पोलिसांत जायचं की नाही ते ती ठरवेल, आत्ता नाही. तिला एकच हवं आहे. तो अर्ज. तिच्या आईच्या अंगठ्याचा कागद. तिच्याजवळ आईचा एकही फोटो नाही, आणि आई तिच्यासाठी कोणासमोर उभी राहिली होती हे लेकरांना कधीतरी दाखवायचं आहे.

रविवारी उपासनेनंतर मी कमिटी बोलावली. मागच्या खोलीत नाही, देवळात, ज्यांना थांबायचं ते थांबा म्हणून. चाळीसेक माणसं थांबली. मुलीचं नाव, गाव काही न सांगता २००३ चा ठराव वाचून दाखवला. माझी सही वाचली. बाकी सहांतले दोघं हयात आहेत. एक उठून गेले. दुसरे बसून राहिले, काही बोलले नाहीत, नंतर माझ्या सायकलीपर्यंत चालत आले. नव्या ठरावात लिहिलं की तो ठराव चुकीचा होता, कमिटीला तो करायचा अधिकार नव्हता, आणि पुढच्या होस्टेलची चौकशी व्हावी म्हणून मुख्य ऑफिसला आणि पोलिसांना पत्र जाईल. एकवीस हात वर झाले. बाकीचे नाही. भांडणही झालं, ते लिहीत नाही. पाटीचं काम थांबवलं आहे. दगड व्हरांड्यात, भिंतीला टेकवून ठेवलाय.

मग फाइली काढल्या. २००३ ची फाइल आहे. वरून आलेलं पत्र आहे. ठराव आहे. अर्ज नाही. आवक रजिस्टरात माझ्याच अक्षरात नोंद आहे, "एक अर्ज, अंगठा सही, मुख्य ऑफिसकडे मूळ प्रत रवाना." आम्ही नक्कलही ठेवली नव्हती.

सोमवारी सकाळच्या एसटीनं मुख्य ऑफिसला जातो आहे. नवा पाळक बरोबर येतो म्हणाले. मागचा बाक काकांचा आज फोन आला होता. त्यांचा पोरगा होस्टेलात नातीला भेटून आला, ती बरी आहे. त्यांना आमच्यासोबत यायचं आहे. गुडघे दुखतात तरी येतो म्हणतात.

---

मागचा बाक | गुरुवार, रात्री १०.०२

सहा वाजताची गाडी पकडू. उशीर केला तं ते लोक जेवाले जातात अन् मंग दिवसभर कोनी भेटत नाई. तो आवक नंबर कागदावर लिहून घ्या गुरुजी, अन् तारीख.